उन्हाळी युरोपगमनाचा वस्त्रनिर्णय

कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ लिहिला आणि १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ रचला. एकादशी दोन दिवस आली तर कोणती धरावी, ग्रहणात जेवावं की नाही, सुतकात सुतक आलं तर दिवस कसे मोजावेत, अशा बारीकसारीक शंकांचा निकाल या ग्रंथांत लागतो. मात्र मे महिन्यात पंधरा दिवस युरोपला जाताना स्वेटर किती घ्यावेत, याबद्दल दोन्ही ग्रंथ गप्प आहेत. कारण उघड आहे. समुद्रगमन कलिवर्ज्यात मोडतं. ज्या गावाला जायचंच नाही, त्या गावची बॅग शास्त्रकार कशाला भरत बसतील?

पुढे समुद्र ओलांडणं रुळलं, विमानं आली, कर्जं काढून सहली निघू लागल्या, तरी ग्रंथातली ती रिकामी जागा कुणी भरली नाही. आज या विषयावरचं उपलब्ध वाङ्मय म्हणजे सहलवाल्यांकडून येणारा अर्ध्या पानाचा कागद. ‘हवामानानुसार योग्य ते कपडे सोबत ठेवावेत’ हे त्यातलं मुख्य सूत्र. बत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवल्यामुळे सूत्र दिसलं की त्यावर भाष्य लिहायची प्रस्तुत लेखिकेला खोड आहे. शिवाय गेल्या मे महिन्यात ठाण्याहून निघून आठ हॉटेलांच्या जिन्यांवरून हा विषय तिने स्वतःच्या हाताने वर नेला आणि खाली आणला आहे. तेव्हा अधिकाराचा प्रश्न कुणी काढू नये.

आधी शब्दविचार. मराठीत बॅग ‘भरतात’. हंडा भरतात, ओटी भरतात, तशीच. अर्धवट भरलेली ओटी कुणी पाहिली आहे का? क्रियापदातच काठोकाठपणा आहे. त्यामुळे बॅगेत चार बोटं जागा राहिली, तर काम अपुरं राहिल्यासारखं वाटतं आणि घरातलं कुणीतरी त्या जागेकडे पाहत म्हणतं, “असू दे.”

हे ‘असू दे’ म्हणजे या शास्त्राचं बीजाक्षर. व्याकरणदृष्ट्या हा आज्ञार्थ, पण आज्ञा कुणाला आहे ते कळत नाही. यात असणारी वस्तू एक, असू देणारा दुसरा आणि उचलणारा तिसरा. कर्ता, कर्म आणि हमाल इतके वेगवेगळे राहिलेलं दुसरं वाक्य मला मराठीत सापडलेलं नाही. त्याला दोन उपपदं जोडून येतात. ‘लागलं तर?’ हे प्रश्नरूप असलं तरी त्याला उत्तर चालत नाही. ‘तिकडे मिळणार नाही’ हे विधानरूप, आणि ज्या खंडातून जगभर कपडे जातात त्या खंडाबद्दल ते केलं जातं.

आमच्याकडे ही उक्ती यजमानांची. पलंगावर कपडे मांडलेले होते, मी मोजत होते, आणि ते कपाटातून रेशमी झब्बा घेऊन आले.

“हा कशाला?”

“एखादा कार्यक्रम निघाला तर?”

“अहो, पॅरिसमध्ये आपल्याला मुंजीला कोण बोलावणार आहे?”

“अगं, असू दे. वजन कितीसं आहे त्याचं!”

वजनाचा मुद्दा निघालाच आहे, तर तोही उरकू. विमानात माणशी तेवीस किलो, हातातल्या बॅगेत सात. घरी हे तपासायची पद्धत अशी, की बॅग उराशी धरून न्हाणीघरातल्या काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचं. गणित सोपं आहे. पण वजाबाकीसाठी स्वतःचं वजन मोठ्याने सांगावं लागतं आणि ते ऐकायला त्या वेळी घरात जाऊबाई असतात. तीनशे रुपयांचा लटकता काटा मिळतो, तो घ्यावा. या प्रबंधात पैसे खर्च करण्याचा सल्ला एवढाच आहे.

आता कालनिर्णय. ‘युरोपातला उन्हाळा’ या शब्दसमूहात मराठी माणसाची फसगत ‘उन्हाळा’ या शब्दाने होत नाही, ‘युरोप’ने होते. युरोप म्हणजे थंडी, हे आपल्या मनात इतकं घट्ट बसलंय की त्यापुढे पंचांग चालत नाही. वस्तुस्थिती अशी की पॅरिसमध्ये मे महिन्यात पहाटे पारा दहा-अकरा अंशांवर असतो आणि दुपारी विशीच्या आसपास. पुण्यात डिसेंबरातली पहाट साधारण एवढीच गार असते. त्या पहाटे पर्वती चढायला जाताना माणूस काय घालतो? एक स्वेटर. तोही अर्ध्या वाटेवर काढून कमरेला बांधतो. तोच माणूस पॅरिससाठी पाच घेतो.

उलट बाजूही सांगते. २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसमध्ये ४२.६ अंश नोंदले गेले. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये ४०.३. हे आकडे आमच्या चंद्रपूरच्या नणंदेला दाखवले तेव्हा ती म्हणाली, “बरंय की, गारवा आहे.” पण चंद्रपूरला कूलर आहे, छताला पंखा आहे. तिकडच्या कित्येक हॉटेलांत छताला नुसतं छत असतं. रात्री खोलीत गेल्यावर हात सवयीने दाराशेजारच्या बटणांवर जातो. तिथे दिव्यांची चार बटणं सापडतात, पंख्याचं एकही नाही. जूनअखेरीला पॅरिसचा सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे ‘रात्रीचे कपडे’ हा वर्गच तिथे डळमळीत. अशा वेळी उपयोगी पडला तो एक जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती गाऊन. तो यादीत नव्हता. बॅगेत काचेची बाटली गुंडाळायला घेतला होता.

पूर्वाचार्यांकडे वळू. उन्हाळ्यात आल्प्समध्ये जाणाऱ्या प्रवाशाच्या कपड्यांचा सर्वांत जुना पुरावा १९ सप्टेंबर १९९१ रोजी सापडला. ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, ३,२१० मीटर उंचीवर, बर्फातून एक माणूस निघाला. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याचं नाव ठेवलं ओत्झी. त्याच्या पोटात सापडलेल्या परागकणांवरून तो वसंताच्या अखेरीस किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर गेला असं ठरलं. म्हणजे सीझन आपलाच. त्याच्या अंगावर शेळी-मेंढीच्या कातड्याच्या पट्ट्या जोडून शिवलेला अंगरखा होता, पायांत शेळीच्या कातड्याच्या विजारी, बुटांत ऊब राहावी म्हणून कोंबलेलं गवत, कमरेच्या पट्ट्याला गारगोटीची हत्यारं ठेवायची पिशवी. आणि डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची टोपी, हनुवटीखाली बंद बांधायची सोय असलेली.

ही शेवटची माहिती मी ओत्झी ठेवलेल्या बोल्झानोच्या संग्रहालयात टोपीसमोर उभी राहून दोनदा वाचली, कारण निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी हुबेहूब तसल्याच घाटाची कानटोपी माझ्या हातात ठेवली होती. वय वर्षं चौऱ्याऐंशी, युरोप पाहिलेला नाही, संशोधन नाही. “कान झाकले की थंडी लागत नाही,” एवढंच म्हणाल्या. पाच हजार वर्षांत या विषयात जी प्रगती झाली, ती लोकर स्वस्त होण्यापुरतीच आहे. ओत्झीच्या खांद्यात बाणाचं टोक सापडलं. तो थंडीने गेला नाही, हे सासूबाईंना फोनवर आवर्जून कळवलं.

ओत्झीकडे जे होतं ते सगळं अंगावर होतं. इथून पुढे सगळे प्रश्न सुरू होतात, कारण नंतरच्या माणसाने कपडे अंगावरून बॅगेत नेले. त्याचा परिणाम १८८८ साली अठरा वर्षांच्या मोहनदास गांधींना भोगावा लागला. बोटीवर काळा सूट घातला, पांढरा फ्लॅनेलचा खास उतरताना घालायला राखून ठेवला. सप्टेंबरचा शेवट होता. किनाऱ्यावर पाहतात तर पांढऱ्या कपड्यांत आपण एकटेच. सामान आणि किल्ल्या एजंटाच्या ताब्यात, आणि हॉटेलात गेल्यावर कळलं की उद्या रविवार, सामान मिळणार नाही. आत्मकथेत त्यांनी ही फजिती स्वतःच सांगितली आहे. हातातल्या सात किलोंत एक पूर्ण जोड ठेवावा, या नियमाला यापेक्षा थोर आधार देता येणार नाही. पुढे १९३१ साली गोलमेज परिषदेला ते पुन्हा लंडनला गेले, पंचा नेसून आणि शाल पांघरून, आणि त्याच वेषात बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जला भेटून आले. बॅग भरण्याचा प्रश्न इतक्या समूळ पद्धतीने दुसऱ्या कुणी सोडवल्याचं माझ्या वाचनात नाही. अर्थात त्याला त्रेचाळीस वर्षं लागली. आपल्याला व्हिसा आल्यापासून नऊ दिवस मिळतात.

आता मुख्य अधिकरण, बर्फ. सगळा युरोप एका बाजूला आणि बर्फाचा डोंगर एका बाजूला, असं मराठी बॅगेचं तराजू आहे. युंगफ्राउयोखचं स्थानक १९१२ सालचं, उंची ३,४५४ मीटर. पायथ्याचं इंटरलाकेन साधारण ५७० मीटरवर. हजार मीटर चढलं की पारा ढोबळमानाने साडेसहा अंश उतरतो, म्हणजे खाली वीस असेल तर वर एक. वारा वेगळा. हिशेब बरोबर आहे, भीतीही रास्त आहे. चूक आहे ती वेळेच्या कोष्टकात. वर पोचलं की बराचसा वेळ बंदिस्त, उबदार दालनांत जातो. उघड्या बर्फावर आमचा जथा घड्याळ लावून चाळीस मिनिटं होता, त्यातली दहा ‘सगळे आले का’ यात गेली. पंधरा दिवसांतल्या चाळीस मिनिटांसाठी आमच्या दोघांच्या बॅगांत साडेसहा किलो लोकर होती.

बर्फावर काय घालावं याबद्दल आपल्याकडे एक स्वतंत्र परंपरा आहे. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं मानली. मराठी सहलवर्गाने पाचवं मानलं, सिनेमा. ‘संगम’ १९६४ सालचा, ‘चांदनी’ १९८९ सालचा. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे आणि युंगफ्राउच्या एका गाडीला त्यांचं नाव आहे, म्हणजे हे प्रमाण तिकडच्यांनीही मान्य केलंय. या प्रमाणाने सिद्ध होतं ते असं, की बर्फात नायकाला जाड स्वेटर लागतो आणि नायिकेला शिफॉनची साडी पुरते. आमच्या जथ्यातल्या सांगलीच्या एका वहिनींनी हे प्रयोगाने तपासलं. अबोली शिफॉन, वर जॅकेट. जागा धरली, जॅकेट काढून माझ्या हातात दिलं, पदर वाऱ्यावर सोडला आणि त्याच क्षणी थंडीने भाऊजींचा फोन बंद पडला. वहिनी तशाच उभ्या. “लागला का?” “लागतोय.” “लागला का?” शेवटी माझ्या फोनवर फोटो काढला. त्यात वहिनी हसताहेत असं त्यांच्या घरचे समजतात. मी समोर होते. ते हसू नव्हतं, दात वाजत होते.

जॅकेट हा शब्द आलाच आहे, तर इथे थांबायला हवं, कारण हा विषय कुणी हाताळलेला नाही. ठाणे, पुणे, नाशिक इथल्या माणसाला हवामान जाड जॅकेट विकत घेऊ देत नाही आणि सहल ते घेतल्याशिवाय जाऊ देत नाही. या पेचातून मार्ग काढणारं जॅकेट प्रत्येक गोतावळ्यात एक असतं. आमच्यात आहे ते निळं, मांडीपर्यंत येणारं, साखळी तिसऱ्या दातावर अडणारं. मामेभावाच्या मुलाने शिकागोहून परत येताना आणलं आणि मुंबई विमानतळाबाहेर पाऊल टाकताच त्याचा त्या वस्तूशी असलेला संबंध संपला. तेव्हापासून ते फिरतंय. माझ्या मोजणीप्रमाणे चार वेळा युंगफ्राउ, दोनदा मनाली, एकदा काश्मीर. गोतावळ्यात इतकं हिंडलेलं दुसरं कुणी नाही. मापाचा प्रश्न कुणी विचारत नाही. ते धाकट्या चुलतबहिणीला डगल्यासारखं होतं आणि आमच्या भाऊजींना बंडीसारखं, दोघंही म्हणतात, “बसतंय की.”

त्याच्या देवघेवीचे नियम लिखित नाहीत, पण सगळे पाळतात. मागायला फोन करायचा नाही, भेटायला जायचं आणि निघताना विषय काढायचा. परत देताना ड्रायक्लीन करायचं. आणि रिकामं भांडं परत द्यायचं नाही या न्यायाने रिकामं जॅकेटही परत द्यायचं नाही, खिशात स्विस चॉकलेटची वडी ठेवायची. आमच्याकडे ते आलं तेव्हा आतल्या खिशात वडी होती, वितळून पुन्हा घट्ट झालेली, त्यावर खिशाच्या अस्तराचा ठसा. बाहेरच्या खिशात केबल कारचं जुनं तिकीट, लिमलेटची एक गोळी आणि आणखी एक वस्तू, तिच्याबद्दल शेवटी सांगते.

धर्माच्या बाबतीत मात्र युरोपने स्पष्ट निर्णय दिलेला आहे. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्री असो वा पुरुष. आपल्याकडे वेरूळच्या घृष्णेश्वराला गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांनी कमरेवरचं उतरवायचं. देव दोन्हीकडे तोच धरला, तर त्याचं नक्की म्हणणं काय, हे तुलनात्मक धर्मशास्त्रवाल्यांनी सांगावं. माझा मुद्दा बॅगेचा आहे. जथ्यातले दोन बरमुडावाले दारात अडकले. बाहेरच्या विक्रेत्याकडून त्यांनी फुलाफुलांच्या ओढण्या घेतल्या आणि लुंगीसारख्या नेसून ते आत गेले. मायकेलअँजेलोचा ‘पिएता’ पाहताना दोघांचे हात कमरेशी गाठ धरून होते.

जीन्सबद्दल थोडक्यात. हा शब्द इटलीच्या जिनोआवरून आला, डेनिम फ्रान्सच्या नीमवरून आला असं सांगतात, आणि डंगरी तर आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. तेव्हा कुळाच्या दृष्टीने तिला युरोपला न्यायला हरकत नाही. पण धुतली की हॉटेलात दोन रात्री वाळत नाही, आणि सहल एका हॉटेलात दोन रात्री क्वचितच थांबते. ओली जीन्स पिशवीत घालून स्वित्झर्लंडची सरहद्द ओलांडणं हा अनुभव एकदाच घ्यावा.

पावसाचा बाऊ नको. लंडनला वर्षभरात सहाशे मिलिमीटर पडतो, एवढा मुंबईत एखाद्या आठवड्यात पडून गेलेला आहे. तिथे छत्री न्यायची तर ती आपल्या आषाढातली नको. वाऱ्याने उलटते आणि सरळ करायला दोघं लागतात. घडीचा पातळ रेनकोट पुरे.

बूट पायात रुळलेले असावेत. रोमच्या रस्त्यांत बसवलेले काळे चौकोनी दगड, ज्यांना तिथे सॅम्पिएत्रिनी म्हणतात, त्यांना आपली टाच नवीन आहे हे चौथ्या पावलाला कळतं.

आणि चोरखिसा. रोममधली ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी प्रसिद्ध. आमच्या आजोबांच्या बंडीला आतून चोरखिसा असायचा. आज तीच वस्तू ‘मनी बेल्ट’ म्हणून बाराशे रुपयांना मिळते आणि सुटायला वेळ लागतो. मी शिंप्याकडून प्रत्येक कुर्त्याला आतून एक शिवून घेतला. शौचालयासाठी नाणं काढताना दर वेळी कोपऱ्यात तोंड करून उभं राहावं लागलं, पण पैसे शाबूत राहिले.

आता निर्णय. माणशी पुढीलप्रमाणे: पाच सुती वरचे, दोन हलक्या विजारी, एक स्वेटर, एक पातळ रेनकोट, आतले कपडे सहा, ते रात्री धुवावेत. थर्मलचा एकच जोड, रुळलेले बूट, कानटोपी. मागून आणलेलं जॅकेट अंगावर घालून विमानात बसावं, म्हणजे ते वजनात येत नाही. ठाण्यात मे महिन्यात ते घालून रिक्षात बसताना लोक पाहतात, पाहू द्यावं. पुरुषांनी एक पंचा घ्यावा, स्त्रियांनी एक मोठी सुती ओढणी. या ओढणीने व्हॅटिकनमध्ये खांदे झाकले, बसमध्ये उशी झाली, ॲमस्टरडॅमच्या वाऱ्यात कानांना बांधली, एका हॉटेलात पडद्याची फट बुजवली. तिचं वजन मी लटकत्या काट्यावर केलं, काटा हलला नाही.

परत आल्यावर बॅगा रिकाम्या करताना न वापरलेले कपडे वेगळे काढले. माझे चार, यजमानांचे अकरा. रेशमी झब्बा त्यात होता, घडी न मोडलेला. तो उचलून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पाहिला आणि म्हणाले, “बघ, किती चांगला राहिला.”

निळं जॅकेट सध्या आमच्याकडे आहे आणि ऑक्टोबरात नाशिकला जायचं आहे. त्याच्या उजव्या खिशात डाव्या हाताचा एक जांभळा लोकरी मोजा सापडला. आमचा नाही. ज्यांचा असेल त्यांनी उजवा आणून ओळख पटवावी आणि संध्याकाळी पाचनंतर घेऊन जावा. दसऱ्यापर्यंत कुणी आलं नाही, तर खिशातच असू देईन.